दोन मजल्यांच्या मध्ये

"जेवलीस का, धाकटे?" हे वाक्य तिनं चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मधल्या जिन्यावर ऐकलं आणि एक पाय वरच्या पायरीवर तसाच ठेवून ती उभी राहिली. इमारत तिची नव्हती. आठव्या मजल्यावर एक म्हातारा घड्याळजी राहत होता, त्याचं कानातलं यंत्र शिट्टी मारतं अशी तक्रार होती, आणि गुडघ्यांमुळे त्याला दवाखान्यापर्यंत येणं जमत नव्हतं, म्हणून ती पेटी घेऊन आली होती. लिफ्टच्या दाराशी 'दुरुस्ती चालू' अशी पाटी टांगलेली तिनं खालीच पाहिली होती आणि काही मनात न आणता जिना चढायला लागली होती. आता भिंतीपलीकडून, दोन मजल्यांच्या मध्ये उभ्या केलेल्या लिफ्टच्या डब्यातून तो आवाज आला होता. जरा मोठाच, गरजेपेक्षा मोठा, यंत्राच्या खोलीत जन्म गेलेल्या माणसाचा असतो तसा. मग एक बाई हसली. आखूड हसू, नाकातून सुटलेलं आणि लगेच आवरलेलं. "आणि असं उघड्या गळ्यानं हिंडायचं नाही, सांगून ठेवतो," तो म्हणाला. तिचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी गेला. तिथं मफलर होता. गेल्या बुधवारी तो तिला अगदी याच शब्दांत रागावला होता, आणि तेव्हापासून ती तो रोज घालत होती, खोलीतसुद्धा.

ती वर गेली. घड्याळजीच्या कानातलं यंत्र तिनं काढलं, पुसलं, कानात बसणाऱ्या साच्याची कड किंचित घासली, परत बसवलं. "आता?" तिनं विचारलं. "आता तुमचा आवाज येतोय, पण तुम्हाला बरं नाहीये का?" घड्याळजी म्हणाला. तिनं मान हलवून नाही म्हटलं, आणि खिडकीशी जाऊन उगाचच पेटी आवरत राहिली. खाली इमारतीचं फाटक दिसत होतं. बऱ्याच वेळानं लिफ्टचा खडखडाट झाला, आणि थोड्या वेळानं एक बाई फाटकातून बाहेर पडली. चाळिशीतली, धोबीखान्याचा निळा डगला घातलेली, चालताना डावा खांदा जरा खाली टाकणारी. गळा उघडाच होता. त्या बाईत बघण्यासारखं काही नव्हतं, आणि हेच तिला सर्वांत जास्त लागलं. सुंदर वगैरे असती तर निदान ओळखीचं दुःख झालं असतं. पण हे त्यातलं नव्हतंच. तिच्यात आणि त्या लिफ्टवाल्यात तसलं काही कधी नव्हतं. तसलं असतं तर त्यासाठी या शहरात परवाना मिळत होता.

परवाना मिळत नव्हता तो भाऊ असण्याचा. ती लहान असताना, शाळेत पाढे चालू होते त्या वर्षी, शहरात नाती मोडीत काढली गेली. भांडणं, वारसे, वशिले या सगळ्याचं मूळ घरात असतं असं ठरलं, आणि घरं रिकामी करून माणशी एक खोली देण्यात आली. मुलं बालगृहात गेली. आई, बाबा, दादा, ताई हे शब्द आधी शाळेच्या पुस्तकांतून गेले, मग दुकानांच्या पाट्यांवरून, आणि मग हळूहळू तोंडातूनही. माणसं एकमेकांना कामावरून हाक मारू लागली, आणि सवय झाल्यावर त्यात काही वावगंही वाटेना. चुकून तोंडून जुना शब्द गेला तर समज मिळायची, पुन्हा गेला तर बदली व्हायची. खऱ्या रक्ताची दोन माणसं भेटताना सापडली तर मात्र दोघांची रवानगी दोन वेगळ्या शहरांत, कायमची. तिला एक थोरला भाऊ होता. त्याचा चेहरा तिला आठवत नसे. तो सारखा रागावायचा, एवढंच शिल्लक होतं. नाक पूस. नाडी बांध. बसमध्ये खिडकीशी बसू नकोस, थंडी बाधेल. बालगृहाच्या बसमध्ये ती खिडकीशीच बसली होती, आणि तिला काहीही बाधलं नव्हतं, आणि पुढं कितीतरी वर्षं तिच्यावर कोणी रागावलं नव्हतं. साहेब लोक बोलायचे, चुका काढायचे, पण त्याला रागावणं म्हणत नाहीत.

लिफ्टवाला चार वर्षांपूर्वी दवाखान्यात आला होता. उजवा कान कमी झालेला, मशीनजवळ काम करणाऱ्यांचा होतो तसा, आणि एक कान गेला तर काम चालू ठेवता येत होतं. तिनं त्याच्या कानात साच्याचा मऊ लगदा भरला. तो सुकेपर्यंत माणसानं जबडा हलवायचा नसतो, आणि हा तर काही बोलायला निघाला होता. "दादा, हलू नका," ती म्हणाली. कुठून आला तो शब्द, तिला कळलं नाही. इतक्या वर्षांत तिनं तो मनातही उच्चारला नव्हता. ती गोठून उभी राहिली. लगदा त्याच्या उजव्या कानात होता, डावा मोकळा होता, आणि डावा तेव्हा चांगला होता. साचा निघाल्यावर तो कान चोळत उठला, दारापर्यंत गेला, आणि परत वळून तिच्या न उघडलेल्या जेवणाच्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाला, "जेवून घे आधी. तीन वाजलेत." जेवून घे, म्हणाला. घ्या नाही.

मग तिच्या इमारतीची लिफ्ट बुधवारी दुपारी बिघडू लागली. बुधवारी तिला अर्धी सुट्टी असे. तो पाटी टांगायचा, डबा दोन मजल्यांच्या मध्ये आणून मेन स्विच बंद करायचा, आणि ती दोघं अंधारात खाली बसायची. तो अवजारांच्या पिशवीवर, ती आपल्या चपलांवर. तो एक तळहात डब्याच्या पत्र्याला लावून बसे. दिवसभर राबलेला हात गार पत्र्यावर बरा वाटत असेल, असं तिला वाटे. तो फार बोलत नसे. जेवलीस का, धाकटे. झोप लागते का. खोकला अजून आहे तो आहेच, औषध घ्यायला काय होतं. एवढं झालं की तो गप्प बसायचा आणि ती बोलायची. सबंध आठवड्याचं साठलेलं. दवाखान्यातल्या साहेबांनी सगळ्यांदेखत काय म्हटलं. शेजारच्या खोलीतला माणूस भिंतीला टेकून रडतो. बालगृहात असताना तिनं एका मुलीची पेन्सिल चोरली होती. हळूहळू असं झालं की दिवसभरात तिला जे काही दिसे, ते सगळं बुधवारच्या वाक्यांतच दिसू लागलं. रस्त्यावर कोणी घसरून पडलं तर ते कसं सांगायचं याचाच विचार आधी येई, आणि हात द्यायचं नंतर सुचे. एखाद्या बुधवारी तो आला नाही तर गुरुवारी ती पोटदुखीची गोळी घ्यायची. शेवटी तिनं वाट बघणंच सोडलं. मंगळवारी कामावरून येताना ती साच्याच्या लगद्याचा सुपारीएवढा गोळा आणायची आणि लिफ्टच्या दाराच्या खोबणीत दाबून बसवायची. दार अडायचं. बुधवारी त्याला यावंच लागायचं. वरच्या मजल्यांवरची माणसं धापा टाकत जिना चढताना तिला भेटायची. ती बाजूला व्हायची, आणि एखादीची पिशवी दोन मजले उचलून द्यायची. तेवढं तिला पुरायचं.

घड्याळजीकडून आल्यावरचा तो आठवडा तिनं कसा काढला हे तिला नंतर नीट सांगता आलं नसतं. काम व्यवस्थित झालं. ती कानात लगदा भरत होती, साचे घासत होती, आणि प्रत्येक कानाकडे बघताना तिला वाटत होतं, यातल्या कोणाकोणाला तो धाकटे म्हणत असेल. त्याच्याकडे शहरातल्या किती इमारती होत्या. प्रत्येक इमारतीत एकेक बाई असेल, आपापल्या वारी लिफ्टमध्ये बसून आपापल्या पेन्सिलींच्या चोऱ्या सांगत. तो सगळ्यांना तेच विचारत असेल, तिकीट तपासणारा विचारतो तसं. मंगळवारी तिनं लगदा आणला नाही. बुधवारी लिफ्ट सुरळीत वर-खाली होत राहिली. ती दार उघडं टाकून खोलीत बसली होती आणि प्रत्येक वेळी डबा मजल्यावरून पुढे गेला की तिला काहीतरी चुकवल्यासारखं वाटत होतं. मफलर काढून तिनं खुर्चीवर टाकला. थोड्या वेळानं परत घातला. आपण त्याच्यावर रागावलो आहोत हे त्याला कळणारसुद्धा नाही, हे लक्षात आल्यावर तिला स्वतःचीच कीव आली.

दुसऱ्या दिवशी ती तक्रारीच्या खिडकीवर गेली. तिनं काही ठरवलं नव्हतं, पाय गेले. खिडकीपलीकडच्या बाईनं मान वर न करता विचारलं, "लिफ्टची की माणसाची?" एकाच खिडकीवर दोन्ही घेत असत. माणसाची, एवढंच म्हणायचं होतं. त्याचं काम सांगायचं, तो कोणता शब्द वापरतो ते सांगायचं, आणि त्या निळ्या डगल्याच्या बाईला तो शब्द पुन्हा कधी ऐकू आला नसता. तिला दोघांची तोंडं कशी होतील ते दिसलंसुद्धा, आणि क्षणभर फार बरं वाटलं. मग लक्षात आलं की माणसाची तक्रार केली तर पुढच्या बुधवारी कोणी दुसराच लिफ्टवाला येईल. "बाई, रांग आहे मागं," खिडकीतली बाई म्हणाली. "लिफ्टची," ती म्हणाली. यात दयामाया काही नव्हती, हे तिला तेव्हाही माहीत होतं.

तो बुधवारी आला. डबा थांबला, दिवा गेला, तो पिशवीवर बसला. "जेवलीस का, धाकटे?"

"अजून किती धाकट्या आहेत तुला?" तिनं विचारलं.

"हं," तो म्हणाला. "ये लवकर जेवून. उशिरा जेवण बरं नाही."

"मी घड्याळजीच्या इमारतीत होते त्या दिवशी. जिन्यावर. तू तिला काय म्हणालास ते सगळं ऐकलंय मी."

"हो ना, थंडी वाढलीच आहे यंदा."

तिला वाटलं, हा टाळतोय. इतक्या शांतपणे, इतक्या निगरगट्टपणे. मग ती बोलत सुटली. तू लबाड आहेस, म्हणाली. चार वर्षं मी तुझ्यापुढं माझं सगळं ओतलं आणि तू तेच वाक्य घेऊन दारोदार फिरतोस. मी तक्रारीच्या खिडकीवर जाऊन सांगेन, तुझी बदली होईल, त्या डावा खांदा पाडून चालणारीचीही होईल. बोलताना तिचा आवाज फुटला. ती थांबली. अंधारात त्याचा हात आला, तिचा खांदा शोधून त्यानं दोनदा थोपटला. "होईल सगळं नीट," तो म्हणाला. "साहेबाचं मनावर घेऊ नकोस."

साहेबाचं तिनं काही काढलंच नव्हतं. तिच्या आत जी बाई रडत होती तिला बाजूला सारून दवाखान्यातली बाई पुढे आली. रोज तिच्यासमोर खुर्चीवर माणसं बसत आणि असंच करत. ऐकू आलं नाही की मान डोलवायची, हवापाण्याचं बोलायचं, समोरच्याचा सूर बघून अंदाजानं काहीतरी म्हणायचं. नातवंडांना फसवणारे, साहेबांना फसवणारे, तिला पहिल्या दोन वाक्यांत ओळखू यायचे. तिनं तोंड दाराकडे फिरवलं आणि साध्या, रोजच्या आवाजात म्हणाली, "तुझ्या पायावर झुरळ चढलंय." तो हलला नाही.

तिनं त्याच्या पिशवीतून विजेरी चाचपून काढली, लावली, आणि उजेड स्वतःच्या तोंडावर धरला. "कधीपासून ऐकू येत नाही तुला?" तिनं ओठ नीट उघडून विचारलं.

तो तिच्या ओठांकडे बघत होता. मग म्हणाला, "दोन हिवाळे झाले. आधी कानातलं मशीन बंद पडलं. मग डावा कानही गेला."

"माझ्याकडे का नाही आलास?"

"आलो असतो तर तुला नोंद करावी लागली असती. बहिऱ्या माणसाला लिफ्टवर ठेवत नाहीत. खाली कोणी अडकून ओरडलं तर मला कळणार कसं? बरोबरच आहे त्यांचं." तो खाली बघत म्हणाला, आणि मग पुन्हा उत्तर वाचण्यासाठी वर.

"मग मी दोन वर्षं बोलत होते ते?"

त्यानं पत्र्यावरचा हात उचलून तिला तळवा दाखवला. "इथं लागतं," तो म्हणाला. "तू बोललीस की पत्रा हलतो. शब्द कळत नाहीत, पण रागावलीयस की रडतेयस एवढं कळतं. आज फार हलत होता."

तिला हसू आलं, आणि आलं म्हणून संताप आला. दोन वर्षं. खोलीतल्या भिंतीशी बोलली असती तरी चाललं असतं. आणि कान हा तिचा धंदा होता, तिच्याच हातून हे सुटलं होतं, कारण तिनं त्याला कधी काही विचारलंच नव्हतं. उत्तराची गरज पडेल असा एकही प्रश्न तिला दोन वर्षांत पडला नव्हता. विजेरीचा उजेड तिच्या डोळ्यांत जात होता. "ती निळ्या डगल्यातली बाई कोण?" तिनं विचारलं.

लिफ्टच्या वरच्या झरोक्याकडे त्यानं एकदा पाहिलं. "सख्खी," तो म्हणाला. "गेल्या वर्षी त्यांची लिफ्ट दुरुस्त करायला गेलो तेव्हा दिसली. लहानपणी मी तिला झाडावरून पाडलं होतं, तो खांदा अजून तसाच आहे. मी मागून ओळखलं." मग म्हणाला, "धाकटे तिचं नाव. म्हणजे, मी तेच म्हणायचो. ती सापडली नव्हती तोवर तुला दिलं होतं. सापडल्यावर तुझ्याकडून परत घ्यायला पाहिजे होतं, पण ते काही जमलं नाही."

हे सांगताना त्यानं स्वतःला पुरतं तिच्या हातात दिलं होतं, आणि त्याला ते माहीत होतं. नुसत्या शब्दाला बदली होती. सख्ख्या बहिणीला दुसरं शहर होतं. ती विजेरी धरून बसली. इतके दिवस जिचा मत्सर केला ती खरी निघाली होती, आणि आपण उसनी. असं व्हायला नको होतं असंही म्हणता येईना. आपण त्या बाईला पाहिलंय हे सांगावं की नाही, याचा ती विचार करत होती. तेवढ्यात त्यानंच विचारलं. "तुला ती कुठं दिसली? मघाशी अंधारात सांगितलं असशील, तर मला कळलं नाही. आता सांग." मग तिनं उजेडात सगळं पुन्हा सांगितलं, हळू, शिव्या आणि धमक्या वगळून. जिना, त्याचं वाक्य, बाईचं हसणं.

"हसली?" तो म्हणाला. "मोठ्यानं?"

"हो."

"कसं हसते?"

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. बहीण सापडली तेव्हा त्याचे दोन्ही कान गेलेले होते. त्या बाईचं हसू तिनं ऐकलं होतं, परक्या बाईनं, जिन्यावर पेटी घेऊन उभी असताना, आणि त्यानं नाही. "आखूड हसते," ती म्हणाली. "नाकातून. हसू आलं की लगेच आवरतं घेते, कोणी ओरडेल असं वाटल्यासारखं."

"आईचं तसंच होतं," तो म्हणाला. आणि उठून स्विच लावायला गेला, कारण बराच वेळ झाला होता.

दवाखान्यात मागच्या खोलीत एक खोका होता. माणसं वारली की त्यांची यंत्रं तिथं जमा होत, आणि चालू भाग काढून उरलेलं मोडीत जाई. पुढचे काही दिवस ती जेवणाच्या सुट्टीत त्या खोक्यातून एकेक भाग वेचत होती. "एक चांगलं मशीन होतं इथं, कुठं गेलं?" साहेबांनी विचारलं. "शिट्टी मारत होतं," ती म्हणाली, "मोडून टाकलं." मंगळवारी तिनं दाराच्या खोबणीत गोळा बसवला, आणि एक जादा गोळा खिशात ठेवला. बुधवारी लिफ्टमध्ये, विजेरीच्या उजेडात, तिनं त्याच्या डाव्या कानाचा साचा घेतला. "हे कोणाला कळलं तर तुझंही काम जाईल," तो म्हणाला. तिनं बोटानं त्याचा जबडा मिटवला. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्यातलं काही त्याला ऐकू येणार नव्हतं, आणि आता तिला ते चालत नव्हतं.

त्याच्या पुढच्या बुधवारी तिनं यंत्र त्याच्या कानात बसवलं आणि बारीक चाक हळूहळू फिरवलं. तो एकदम दचकला. वरती दोर करकरला होता. मग तो स्वतःच्या श्वासाकडे लक्ष देऊन बसला, मग पिशवीतला पाना पिशवीतल्याच पक्कडीवर आपटून पाहिला. "आता?" ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तुझा आवाज अजून तसाच आहे होय," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, जाड झाला असेल." त्याचा स्वतःचा आवाज खाली आला होता, इतका की तिला पुढे वाकावं लागलं. "बोल ना. पहिल्यापासून सांग. दोन वर्षांचं राहिलंय."

सांगायचं सगळं तयार होतं. शेजारचा माणूस, साहेब, तो आठवडा, तक्रारीची खिडकी. या माणसानं फक्त ऐकावं, सबंध दुपार, यासाठी ती काहीही द्यायला तयार झाली असती, अजूनही होती. आणि आता तो ऐकायला बसला होता. "आज नको," ती म्हणाली. "पाटी काढ. आज तिकडची लिफ्ट बिघडली आहे असं समज."

"कुठली?"

"तुला माहीत आहे कुठली. धोबीखाना चारला सुटतो." मग म्हणाली, "आणि हळू बोलत जा तिथं. तुझा आवाज जिन्यावर येतो."

तो जागचा हलला नाही. "तू येऊ नकोस असं म्हणतेयस का मला?"

"नाही," ती म्हणाली. "ये. पण मी आता दारात काही अडकवणार नाही. खरंच बिघडली तर ये."

गोळ्याबद्दल त्याला माहीत होतं की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. त्यानं स्विच लावला, दिवा आला, आणि डबा तिच्या मजल्यावर येऊन थांबला. ती बाहेर पडली. त्याला खरं तर तसंच खाली जाता आलं असतं, पण तो पिशवी खांद्याला लावून तिच्या मागोमाग उतरला आणि जिन्यानं निघाला. ती दार लोटून आत उभी राहिली. खालच्या मजल्यावर त्याची पावलं थांबली. तिथं कोणाच्या तरी खोलीत नळ चालू होता. नळ बंद झाल्यावर पावलं पुढे निघाली. त्याच्या खालच्या मजल्यावर तो पुन्हा थांबला, तिथं कोणी खुर्ची ओढत होतं. असं करत करत तो खाली पोचायला फार वेळ लागला. मग फाटक वाजलं. ते बिजागरीला नेहमीच कर्कश वाजे आणि लोक त्यावर चिडत. जरा वेळ शांतता झाली, आणि मग त्यानं ते पुन्हा एकदा उघडून, मुद्दाम सावकाश, लावलेलं तिनं ऐकलं.